वानखेडेबाईंचा शुक्रवार

आमच्या शनिवार पेठेतल्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाण्याच्या टाकीसाठी आणि पार्किंगच्या भांडणांसाठी काढलेला आहे. त्यावर वानखेडेबाईंचा फोटो यायचं काहीच कारण नव्हतं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी बातमीचं कात्रण टाकलं. पुण्यातल्या संशोधक महिला, कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम, परदेशातल्या परिषदेत निबंध वाचला, वगैरे. फोटोत बाई मोरपंखी साडी नेसून माइकसमोर उभ्या होत्या. समोर बसलेल्या सगळ्यांची मुलाखत आता आपणच घेणार आहोत, असा चेहरा. तो चेहरा मला चांगला ओळखीचा.

बाबांनी फोन नाकाशी नेऊन फोटो पाहिला आणि विचारलं, "ही तुझ्या शेजारी बसायची ना?"

मी हो म्हटलं.

"मग इतकी वर्षं शेजारी बसून तुला काहीच लागलं नाही म्हणायचं," असं म्हणून त्यांनी पुन्हा शब्दकोड्यात डोकं घातलं.

सरळ सांगून टाकतो. मला वानखेडेबाईंचा हेवा वाटतो. अशा वेळी लोक 'कौतुकमिश्रित' वगैरे शब्द लावतात. माझ्या हेव्यात कौतुक असलंच तर तळाशी थोडं, ढवळल्याशिवाय वर न येणारं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हे आधी सांगितलेलं बरं. वाचणाऱ्याने त्या बेताने वाचावं.

आम्ही दोघं खराडीतल्या एका कंपनीत होतो. आयटी कंपन्यांना माणसं शोधून देणं हा तिचा धंदा. बाई रिक्रूटर. दिवसभर फोनवर. उमेदवाराची माहिती चाळायची, फोन लावायचा, अनुभव विचारायचा, पगाराची अपेक्षा विचारायची आणि बरा वाटला तर माझ्याकडे पाठवायचा. तांत्रिक फेरी मी घ्यायचो. मी एम.टेक. माझा प्रबंध मशीन लर्निंगवर, आणि तोही हा विषय पानाच्या टपरीवर पोचायच्या कितीतरी आधीचा. निळ्या कापडी बांधणीतला तो प्रबंध अजून आमच्या माळ्यावर आहे. त्या कंपनीत मी तात्पुरता आलो होतो, संशोधनातली जागा मिळेपर्यंत. हे मी इतकी वर्षं सांगत होतो की नवीन येणाऱ्यांना जुने लोक 'दामले सर तात्पुरते आहेत' अशीच माझी ओळख करून द्यायचे.

बाई मूळच्या हिंगणघाटच्या. बी.ए., विषय गृहअर्थशास्त्र. नवरा रांजणगावच्या कारखान्यात, बिऱ्हाड येरवड्यात. पत्ता विचारला की "जेलच्या बाजूले, पण बाहेरून," असं सांगून स्वतःच हसायच्या, आणि ते हसणं लिफ्टपर्यंत ऐकू जायचं. उंच बांधा, जाड वेणी, आवाज कमी करायची सोय नाही. मला पहिल्या दिवसापासून त्या दामलेभाऊ म्हणायच्या. पुण्यात ऑफिसातल्या माणसाला सर म्हणतात, आडनावाने हाक मारतात, फार तर अहो म्हणतात. भाऊ म्हणायला मी काही त्यांना ओवाळणी घातलेली नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली लिंबाच्या लोणच्याची फोड न विचारता उचलली, तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "लोणचं गोड काहून केलं, बाप्पा?"

आईने केलंय, असं मी शक्य तितक्या थंडपणे सांगितलं.

"मंग आईले विचारजा," म्हणाल्या आणि दुसरी फोड उचलली.

मला चिडायला एवढं पुरेसं होतं. पण हेवा ही वेगळी गोष्ट. तो सावकाश आला, आणि त्याची सुरुवात त्यांच्या विचारण्यातून झाली.

बाईंना विचारायची लाज नव्हती. उमेदवाराशी बोलणं संपत आलं की त्या म्हणायच्या, आता मला एक समजावून सांगा, तुम्ही हे जे काम करता ते नेमकं काय आहे, मला स्वयंपाकघरातली बाई समजून सांगा. नोकरी शोधणारा माणूस नाही कसा म्हणेल? तो बिचारा जीव ओतून सांगायचा. डेटाबेस म्हणजे काय, सर्व्हर कोलमडतो म्हणजे काय होतं, मशीन शिकतं म्हणजे काय करतं. नाही समजलं तर बाई पुन्हा विचारायच्या. पुन्हा नाही समजलं तर पुढच्या उमेदवाराला तोच प्रश्न. खिडकी ते पाण्याचा कूलर अशा येरझाऱ्या घालत त्यांनी फोनवर जेवढं फुकट शिक्षण घेतलं, तेवढ्यासाठी मी बँकेकडून कर्ज काढलं होतं.

एकदा मलाही विचारलं. मशीन शिकतं म्हणजे नेमकं काय, दामलेभाऊ? माझा खास विषय. मी खुर्ची वळवून बराच वेळ बोललो. प्रबंधातलं दुसरं प्रकरण जवळजवळ पूर्ण म्हणून दाखवलं. बाईंनी हनुवटीवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हालेच नाही समजलं वाटते." मग कूलरकडे जाऊन त्यांनी कुठल्याशा नाशिकच्या मुलाला फोन लावला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे आर्वी. आर्वी हे वर्धा जिल्ह्यातलं गाव, बाईंचं आजोळ. उमेदवाराला कोणकोणती सॉफ्टवेअर येतात हे विचारताना त्या दोन खऱ्या नावांच्या मध्ये, आवाजात जराही फरक न करता, आर्वी घालायच्या. जावा येतं का, आर्वी येतं का, पायथन येतं का. समोरून उत्तर यायचं, येस मॅम, आर्वीवर दोन वर्षं काम केलंय. कुणी म्हणे बेसिक लेव्हल. एक पठ्ठ्या म्हणाला की आर्वीची नवी आवृत्ती जुनीपेक्षा बरीच वेगवान आहे. बाई तोंडावर पदर धरून खिडकीकडे वळायच्या. आर्वी म्हणजे काय, मला माहीत नाही मॅडम, असं म्हणणारा निघाला की मात्र त्यांचा चेहरा खुलायचा. त्याचं नाव माझ्याकडे यायचं, आणि तो बहुधा चांगला निघायचा. मी कधी हे कबूल केलं नाही. नशीब, असं म्हणायचो.

आणि शुक्रवार. आमच्या धंद्यात निवड झालेल्याला फोन जातो, न झालेल्याला काहीच जात नाही. तो बिचारा वाट पाहून पाहून आपणच समजतो. ही रीतच आहे, त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. बाईंना वाटायचं. आठवडाभरात ज्यांना नकार मिळाला त्या प्रत्येकाला त्या शुक्रवारी जेवणानंतर स्वतः फोन करायच्या. होकाराचे फोन त्या नेहमीसारखे चालता चालता करायच्या. नकाराच्या फोनला मात्र एका जागी उभ्या राहायच्या, आणि त्याआधी चपला काढून खिडकीखाली शेजारी शेजारी ठेवायच्या. नाही झालं, असं पहिल्याच वाक्यात सांगायच्या. मग कारण, तेही एकच. त्यानंतर गप्प. समोरचा काही बोलेपर्यंत त्या बोलायच्या नाहीत, मग तो कितीही वेळ घेवो.

चपलांचं काय, असं मी एकदा चेष्टेने विचारलं. ऑफिसात सगळेच त्यावरून हसायचे.

"आपण 'नाही' घेऊन कोणाच्या घरात शिरतो, भाऊ," बाई म्हणाल्या. "तिथं त्याची माय असते, बायको असते, गॅसवर भाजी असते. चपला घालून कसं जाव?"

आमच्या साहेबांनी दोनदा हे फोन बंद करायला सांगितलं. कामाचा वेळ जातो म्हणाले. बाई हो म्हणाल्या आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा चपला काढून उभ्या राहिल्या. एक गृहस्थ तर नकाराचं कारण ऐकून इतके भडकले की सोमवारी थेट ऑफिसात भांडायला आले. बाईंनी त्यांना चहा पाजला, त्यांचा प्रत्येक मुद्दा ऐकून घेतला आणि शेवटी पुन्हा तेच कारण सांगितलं. ते गृहस्थ जाताना त्यांना नमस्कार करून गेले. मजा अशी की तांत्रिक फेरीत नापास मी करायचो आणि दिवाळीच्या शुभेच्छा त्यांना यायच्या. मला त्या उमेदवारांपैकी एकाचाही कधी मेसेज आला नाही. हे माझ्या डोळ्यांत खुपायचं, खोटं कशाला बोलू.

मग ते काम आलं. समोरच्याच इमारतीत एका मोठ्या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा काढली होती आणि तिला संशोधक हवे होते. शोधायचं काम बाईंकडे. प्रश्नांना उत्तरं देणारी ती बोलकी यंत्रं तेव्हा नुकतीच सगळ्यांच्या फोनवर आली होती. बाई म्हणाल्या, ज्याच्यासाठी माणसं शोधायची त्यालाच आधी फोन लावू. आणि एका दुपारी, डबा खाता खाता, त्यांनी यंत्राला लिहून विचारलं, आर्वीवर काम केलंय का?

यंत्राने पानभर उत्तर दिलं. आर्वी कशासाठी वापरतात, तिचे फायदे, तिच्या मर्यादा, सुरुवात कशी करावी. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हा तर आपला उमेदवार निघाला, भाऊ."

मीही हसलो. यंत्र असं का करतं याचं मी तिथल्या तिथे तांत्रिक स्पष्टीकरणही दिलं, आणि ते बरोबर होतं. मग मी ताकाचा शेवटचा घोट घेऊन पुढच्या मुलाखतीला गेलो. बाई तिथेच बसल्या. उमेदवारावर जे जे प्रयोग करायच्या ते सगळे त्यांनी यंत्रावर करून पाहिले. तोच प्रश्न सुरुवातीला आणि शेवटी विचारायचा. एकदा लाडीगोडी लावून, एकदा दरडावून. उलट्या बाजूने विचारून उत्तर बदलतं का पाहायचं. आठवडाभराने त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मेल लिहिली. तुमच्यासाठी संशोधक शोधून राहिले आहे, पण आधी तुमच्या यंत्राची मुलाखत घेतली, ते पहिल्या फेरीत नापास आहे, कारण सोबत जोडलं आहे. ती मेल पाठवण्याआधी मला वाचायला दिली होती. इंग्रजीच्या चुका मी सुधारल्या, पण असलं काही पाठवू नका, असंही सांगितलं.

प्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं. आधी काही महिन्यांच्या करारावर, यंत्राला अडवणारे प्रश्न तयार करायला. बाई रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत गेल्या. त्यांच्या खिडकीजवळची जागा मला मिळाली. उजेड चांगला होता.

आता ही बया तिथे टिकणार नाही, अशी माझी खात्री होती, आणि त्या खात्रीने मला बरं वाटायचं. गणितात त्या कच्च्या होत्या, आणि हे स्वतःच मोठ्या आवाजात सांगायच्या. संध्याकाळी एका कॉलेजात मिसरूड न फुटलेल्या पोरांबरोबर बसून त्या संख्याशास्त्र शिकायला लागल्या. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. त्या दिवशी सांभारवड्यांचा, म्हणजे त्यांच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांचा, मोठा डबा घेऊन आमच्या ऑफिसात आल्या आणि टेबलाटेबलावर जाऊन वाटल्या.

"नापास झाली, घ्या," म्हणायच्या. "पास झाल्यावर तं सगळेच वाटतात."

दुसऱ्या खेपेलाही नापास झाल्या. पुन्हा सांभारवड्या. सांभारवडी फार सुरेख करायच्या, आत खोबरं आणि खसखस. मी दोन्ही वेळा चवीने खाल्ल्या. तिसऱ्या खेपेला त्या आल्याच नाहीत. पास झाल्या होत्या.

पुढचं मला तुकड्यांनीच कळत गेलं. करार संपला, पक्की नोकरी मिळाली. त्यांच्या हाताखाली दोन पोरं आली. यंत्राला 'माहीत नाही' म्हणायला कसं शिकवायचं, यावर त्यांचा निबंध छापून आला. ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर भेटल्या की सगळं स्वतःच सांगायच्या, नव्या हेडफोनपासून परदेशातल्या हॉटेलातल्या पांचट जेवणापर्यंत. विनय हा गुण त्यांच्याकडे कधीच नव्हता. मोठेपणा मिळाल्यावर माणसाने थोडं संकोचून वागावं, म्हणजे बाकीच्यांना सोसायला सोपं जातं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि प्रत्येक वेळी विचारायच्या, "तुम्ही काहून नाही येत इकडं, दामलेभाऊ? तुमचा तं विषयच आहे." हे वाक्य घेऊन मी लिफ्टने वर जायचो आणि दिवसभर ते मला पुरायचं.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, बाबा जे बोलायचं ते बोलून शब्दकोड्यात शिरले, आणि त्याच आठवड्यात मी माळ्यावरून प्रबंध खाली काढला. प्रयोगशाळेत एक जागा होती. मी अर्ज केला. बाईंना सांगितलं नाही. माझं वय आता असं आहे की यानंतर कुणी मला नवशिका म्हणून घेणार नाही आणि जाणता म्हणूनही घेणार नाही. हे मला माहीत होतं. ही जागा मिळाली नाही तर तात्पुरता म्हणूनच मी निवृत्त होणार होतो.

मुलाखतीला तिघं होते. प्रमुख, बंगळुरूहून आलेला एक दाढीवाला तरुण आणि बाई. मला पाहून त्या जराही हसल्या नाहीत. ज्यांच्या मुलाखती मी इतकी वर्षं शेजारी बसून ऐकल्या त्यांनीच आता माझी घ्यावी, असं काहीसं मनात आलं. पण सुरुवात चांगली झाली. दाढीवाल्याने माझ्या प्रबंधाबद्दल आदराने विचारलं. प्रमुखांनी मान डोलावली. मी रंगात आलो.

मग बाईंनी विचारलं की यंत्राला खात्री नसताना ते खात्रीने बोलतंय, हे तपासायच्या कोणकोणत्या पद्धती मी वापरल्या आहेत. आणि आपणच तीन नावं घेतली. पहिलं मला माहीत होतं. तिसरं माहीत होतं. मधलं नाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. ते नाव आता मला पाठ आहे, पण इथे लिहिणार नाही.

दोन खऱ्या नावांच्या मध्ये एक, आवाजात जराही फरक न करता. नजर खिडकीबाहेर. मला आतून हसूच फुटलं. सगळ्या जगाला फसवाल, वानखेडेबाई, तुमच्या शेजारी जेवलेल्या माणसाला नाही. मी खुर्चीत मागे टेकलो, त्या दोघांकडे पाहून हसलो आणि म्हणालो, "मॅडम, मधली तुमची आर्वी आहे ना?"

कुणीच हसलं नाही. दाढीवाल्याने बाईंकडे पाहिलं. प्रमुखांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उगीच सरकवला. मधली पद्धत खरी होती. गेल्या वर्षीच निघाली होती, आणि काढणारा तो दाढीवाला होता.

पुढचे प्रश्न सौम्य होते. माझी उत्तरंही ठीक होती. निघताना बाईंनी दारापर्यंत येऊन लिफ्टचं बटण दाबलं. "जेवले का?" एवढंच विचारलं. तो बुधवार होता.

शुक्रवारी जेवण झाल्यावर मी खाली टपरीवर गेलो. उगाच गेलो असं म्हणणार नाही. समोरच्या इमारतीला पहिल्या मजल्यावर गच्ची आहे, तिला काचेचा कठडा. फोनवर बोलायला लोक तिथे येतात. बाई आल्या. हातात फोन होता आणि त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या, अगदी पूर्वी खिडकी ते कूलर चालायच्या तशा. चालत होत्या, म्हणून मी चहा सांगितला. चालत असल्या म्हणजे बरं, हे मला ठाऊक होतं.

मधोमध आल्यावर त्या थांबल्या. फोनकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी एक चप्पल काढली, दुसरी काढली आणि कठड्याच्या काचेला लावून शेजारी शेजारी ठेवल्या.

त्यानंतर माझा फोन वाजला.

"दामलेभाऊ, वानखेडे बोलून राहिली. नाही झालं."

मी हं म्हटलं.

"ते नाव माहीत नसल्यानं काही बिघडत नव्हतं. पण माहीत नाही, हे तुमच्या तोंडून निघालं नाही, भाऊ."

आणि त्या गप्प झाल्या. हा गप्पपणा मी शेजारी बसून कित्येक शुक्रवार ऐकला होता. पलीकडचा माणूस त्यात काय करत असेल, याचा विचार मला कधी शिवला नव्हता. माझ्या हातात चहाचा ग्लास होता, पीएमपीची बस हॉर्न देत गेली. वर बाई अनवाणी उभ्या होत्या. त्यांना मी दिसत नव्हतो. ज्या बाईंनी ही शांतता कधी आपणहून मोडली नव्हती, त्यांनीच शेवटी ती मोडली.

"आता काय करान?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"हे परवा तिथं सांगाचं होतं नं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला.

फोन बंद झाला. मी तिथेच उभा राहिलो आणि वर पाहत राहिलो. शुक्रवारी बाईंचा फोन एकच कधी जायचा नाही, मागोमाग चार-पाच तरी असायचे. त्यांनी आणखी एखादा लावावा, माझ्यासारखा आणखी कुणीतरी असावा, एवढीच त्या घटकेला माझी इच्छा होती. त्या थोडा वेळ कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत राहिल्या. फोन त्यांनी खाली धरला होता. मग त्यांनी एकेक करून चपला पायात घातल्या आणि आत निघून गेल्या.